गावदेवीपासून तिसरं घर

मी परवानगी मागितली नसती तर आमची आळी सुखात राहिली असती, असं गेल्या उन्हाळ्यात आळीतल्या नऊपैकी आठ घरांचं स्पष्ट मत होतं. त्या आठांत माझंही घर आलं, कारण माझी बायको मीना हिचंही तेच मत होतं. उरलेलं एक घर सावळारामचं. त्याच्याबद्दल पुढे सांगावं लागणारच आहे, माझी इच्छा नसली तरी.

मागितलं होतं मी काय, तर एक खोली. दहा बाय बारा, जोडीला संडास-बाथरूम, त्यात कमोड. कारखाना काढायचा नव्हता की मंगल कार्यालय बांधायचं नव्हतं. आमच्या रंजिताला सहावा महिना लागायच्या आत खोली उभी राहायला हवी होती, कारण पहिलं बाळंतपण माहेरी होतं आणि माहेर म्हणजे आमचं घर, जे दोन खोल्या आणि एक पडवी एवढंच आहे. संडास परसात आहे, मागच्या दारापासून बावीस पावलांवर. ही पावलं मी मोजली आहेत. त्यातली नऊ पावसाळ्यात शेवाळाची असतात. डॉक्टरीणबाईंनी तर रंजिताला उकिडवं बसायला पहिल्याच तपासणीत मनाई केली होती.

रंजिता मुरबाडला दिली आहे. व्याह्यांचं घर मोठं, खाली टाइल्स, वर गच्ची. बातमी कळली त्याच आठवड्यात विहीणबाईंचा फोन आला. "तुमच्याकडे अडचण असेल तर राहू दे हो तिला इथंच. आपल्याकडे जागेला काय तोटा?" बोलणं अगदी मायेचं होतं. पण 'अडचण' हा शब्द माझ्या छातीत जाऊन बसला तो उतरेचना. मी म्हटलं, "अडचण कसली, खोलीचं काम काढतोच आहे." फोन ठेवला आणि मीनाने विचारलं, "कसली खोली?"

बांधकामाला मुदतवाढ मिळते, बाळंतपणाला मिळत नाही. जानेवारी चालू होता. बाळ जुलैत येणार होतं. मी त्या दिवसापासून दोन वेळा ॲसिडिटीची गोळी घेऊ लागलो. जेवणाआधी अर्धा तास, म्हणजे जशी घ्यायची तशीच. मी शेणव्याच्या सरकारी दवाखान्यात औषध निर्माण अधिकारी आहे. शेणव्यापासून आमच्या गावापर्यंत सगळे मला कंपाउंडर म्हणतात. बत्तीस वर्षं मी ही दुरुस्ती सुचवतो आहे, ती अजून कुणी मनावर घेतलेली नाही.

खोली काढतोय म्हटल्यावर पहिला सल्लागार आला तो महिपत. आमच्या रांगेत पलीकडे राहतो, वयाने माझ्याहून लहान, विटांची ने-आण करणारा टेम्पो आहे त्याचा. दोन वर्षांपूर्वी त्याने त्याच्या आईसाठी अकरा दिवसांत खोली उभी केली होती. "दादा, शुक्रवारी संध्याकाळी पाया खनायचा," तो म्हणाला. "शनवार-रविवार कचेरी बंद. सोमवारी साहेब येतो तवा भिंत खांद्याला लागलेली असते. खांद्याला लागलेली भिंत कोन पाडतं?"

सावळारामचं म्हणणं आणखी सोपं होतं. "विचारलंस तर नाय बोलतील. नाय विचारलंस तर कोन बोलायला येतंय?" हे तो अधिकाराने बोलत होता. त्याचं घर दुमजली आहे, आणि गॅलरी रस्त्यावर एवढी पुढे आली आहे की गणपती नेताना मूर्ती तिरकी करावी लागते. आजवर एकाही अर्जावर त्याने सही केलेली नाही, लग्नाचा दाखला धरून.

पण मी सरकारी नोकर. निवृत्तीला चार वर्षं. मुदत संपलेली एक बाटली कपाटात राहिली तर माझा दिवस जात नाही. विनापरवाना भिंतीखाली मी झोपणार कसा? मी ठरवलं, सगळं रीतसर करायचं. हा निर्णय मी जेवताना जाहीर केला. मीना म्हणाली, "मग नातवाच्या लग्नापर्यंत होईल."

आमच्या ग्रामसेवकाच्या हुद्द्याचं नाव सरकारने आता बदललं आहे, पण आम्ही भाऊसाहेबच म्हणतो. भला माणूस. मी अर्ज पुढे केला तेव्हा त्यांनी आधी दार लोटून घेतलं. "कुणी तक्रार केलीय का तुमची?" त्यांनी हळूच विचारलं. नाही म्हटलं. "कर्ज काढताय? बँकेने मागितलंय?" नाही म्हटलं. खोलीसाठी स्वतःहून परवानगी मागणारा मी त्यांच्या कारकिर्दीतला पहिलाच होतो. अर्जाचा नमुना शोधायला त्यांना दोन दिवस लागले, आणि सापडला तेव्हा आम्हां दोघांनाही आनंद झाला. मालकीचा कागद, ग्रामपंचायतीतला घराचा नमुना आठचा उतारा, परवानाधारक इंजिनिअरचा नकाशा, शेजाऱ्यांची ना-हरकत आणि प्लॉटची मोजणी, एवढं जोडायचं होतं.

इंजिनिअर दिपेश शहापूरला एका मोबाईलच्या दुकानावर बसतो. हुशार मुलगा. त्याने संगणकावर माझा प्लॉट काढला आणि सामासिक अंतर नावाचा प्रकार समजावला. समोर अमुक सोडा, बाजूला तमुक सोडा, मागे एवढं सोडा. सोडता सोडता माझी दहा बाय बाराची खोली चार बाय बाराची झाली. मी म्हटलं, यात बाळंतीण आडवी मावेल, पण बाळ उभं ठेवावं लागेल. तो हसला नाही. दोन आठवड्यांनी पडवी पोटात घेऊन त्याने कशीबशी आठ बाय दहाची खोली बसवली आणि वर नकाशाची फी, विकास शुल्क, उपकर, मोजणीचं चलन असा हिशेब सांगितला. तेवढ्यात महिपतने वीटकाम संपवलं असतं. मी मुकाट्याने चलन भरलं. माझ्याच परसाची मोजणी करायला तारीख मिळाली ती एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातली. तोवर रंजिताला सातवा लागणार होता.

मोजणीच्या दिवशी सगळी आळी गोळा झाली. मोजणीदारांनी काठीवर पांढरी तबकडी बसवलेलं यंत्र आणलं होतं. ते उपग्रहाशी बोलतं म्हणे. प्रत्येक घरातून त्यांना चहा आला आणि त्यांनी प्रत्येक घराचा चहा घेतला, हे मुद्दाम नमूद करतो, कारण पुढे जे झालं त्याला त्यांचा काही राग कारण नव्हता. यंत्र माझ्या अंगणात उभं करून त्यांनी विचारलं, "हा प्लॉट कितवा?"

"तीन नंबर," मी अभिमानाने म्हटलं. वडिलांना प्लॉट मिळाला त्या सनदेवर तीन होता, उताऱ्यावर तीन होता, दारावर मी स्वतः ऑइलपेंटने तीन काढला होता.

"नाही," ते म्हणाले. "हा सात."

आम्ही हसलो. तेही हसले. मग त्यांनी पुन्हा मोजलं, आणि मग फक्त आम्ही हसत होतो, आणि थोड्या वेळाने आम्हीही थांबलो. नकाशात प्लॉट एक रस्त्याच्या बाजूला होता. आमचा प्लॉट एक गावदेवीच्या देवळाकडून होता. चाळीसेक वर्षांपूर्वी गावठाण वाढवून हे नऊ प्लॉट दिले, आणि घरं सगळीच्या सगळी आम्ही उलट्या टोकाकडून मोजून बांधली होती.

खुलासा केला तो ताराबाईंनी, महिपतच्या आईने. त्या काळचं आता तेवढं एकच माणूस राहिलं आहे. काकी अंगणाच्या कडेला टेकून बसल्या होत्या. "सनदा आनल्या तवा गवत कमरेएवढा," त्या म्हणाल्या. "दगड कुठं दिसतंय? मंग बाप्ये देवीकडं पाठ करून उभे ऱ्हायले न् मोजलं. देवीकडनं नाय मोजायचं तर कुठनं मोजायचं? रस्ता तवा होता कुठं? नुसती पायवाट." यात चूक काढायला मला तरी जागा सापडली नाही. आमच्याकडे लग्नाची पहिली पत्रिका गावदेवीला, नव्या भाताची पहिली मूठ गावदेवीला. एक हा आकडा तिचाच. सरकारने तो न झालेल्या रस्त्याला दिला हे आमच्या बापांना कुणी सांगितलं नव्हतं.

मी खडूने ओट्यावर हिशेब मांडला. आपला नंबर दहातून वजा करायचा, उरेल ते आपलं घर. एकचं नऊ, दोनचं आठ. माझं तीन, म्हणजे कागदावर मी सात नंबरच्या घराचा मालक. सात नंबरच्या घरात राहतो महिपत. आणि मी ज्या घरात वाढलो, ते महिपतचं. सगळे आपापली वजाबाकी करत होते. तेवढ्यात मागून आवाज आला, "दहातनं पाच गेले किती?"

सावळारामचं घर बरोबर मध्ये. पाचातलं पाच. आमच्या आख्ख्या आळीत कायदेशीर आपल्या घरात राहणारा तो एकटा निघाला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो इस्त्रीचा शर्ट घालून गॅलरीत उभा राहिला, जी गॅलरी रस्त्यावर आहे, आणि खालून जाणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागला, "काय आहे, मानसाचे कागद सरळ पायजेत."

मी भाऊसाहेबांकडे धावलो. त्यांनी अर्ज उलटा-सुलटा करून पाहिला. "तुमच्या राहत्या घराला परवानगी देता येत नाही, कारण ते तुमचं नाही," ते म्हणाले. "देवीकडून सातव्या घरावर मात्र तुम्हाला देता येईल."

"पण तिथे खोली आहे. महिपतने बांधलेली."

"हो ना. विनापरवाना आहे ती." मग त्यांना काहीतरी सुचलं आणि त्यांचा चेहरा पडला. "म्हणजे उद्या नोटीस काढायची वेळ आली तर ती मालकाच्या नावाने निघेल. म्हणजे तुमच्या. काढणार नाही म्हणा कुणी, पण कागदावर तसं दिसतं."

बत्तीस वर्षं नियमाने वागलेला माणूस मी. एक वीट न लावता मी विनापरवाना बांधकामाचा धनी झालो होतो. त्या दिवशी मी गोळी जेवणाआधी घेतली की जेवणानंतर, ते मला आठवत नाही.

याहून वाईट पुढेच होतं. महिपतच्या डोक्यात कुणीतरी भरवलं की कंपाउंडरने हे मुद्दाम केलं, त्याला आयती खोली हवी होती. कुणी भरवलं ते मला माहीत आहे, गॅलरी खूप उंचावर आहे एवढंच सांगतो. महिपत एका सकाळी आमच्या दारात आला, हातात हातोडी. मी दोन पावलं मागे सरलो. तो शांतपणे म्हणाला, "मालक, भिंतीला एक खिळा ठोकायचा होता. ठोकू का?" मी म्हटलं, अरे महिपत, असं काय बोलतोस. तो म्हणाला, "विचारून ठोकलेला बरा. तुमचंच शिकलो." आणि गेला. त्यानंतर तो माझ्याशी बोलेना. लहानपणी ज्याला सायकल शिकवली, तो माणूस मला बघून टेम्पोची काच वर घ्यायचा. मला फार लागलं ते.

नऊ जणांच्या सह्या घेऊन मी दुरुस्तीचा अर्ज तालुक्याला दिला. महिपतने सही केली, पण कागद जमिनीवर ठेवून केली. सावळाराम म्हणाला, "माजं काय चुकलंय? मी कशाला सही करू?" त्याला दोनदा चहा पाजावा लागला.

मे महिन्यात विहीणबाईंचा फोन. "झाली का हो खोली?" मी म्हटलं, "कागदपत्रं अगदी पूर्ण होत आली आहेत." मीनाने फोन माझ्या हातातून घेतला आणि सांगितलं, "ओटी भरा, आम्ही रविवारी न्यायला येतो." ठेवल्यावर मला म्हणाली, "खोली नसली म्हणून काय झालं, आईबाप आहेत ना." मला तिचं बरोबर वाटलं, तरी मी जाऊन परसातली बावीस पावलं पुन्हा मोजली.

रंजिता आली. पाय सुजलेले, चेहरा भरलेला, हसतमुख. पडवीत तिचा पलंग टाकला, खुर्चीला भोक पाडून मी परसातल्या संडासात बसवली. जूनपर्यंत भागलं. मग शेवाळ धरलं. शेवाळावर मी राख टाकली, वाळू टाकली, गोणपाट अंथरलं, बावीस पावलांना दोर बांधला. एका दुपारी मी दवाखान्यातून येतो तो रंजिता दोराला लोंबकळत अर्धी वाकून उभी, एक चप्पल दूर पडलेली. पडली नव्हती. पण त्या संध्याकाळी मी दोराला आणखी दोन गाठी मारल्या, आणि त्या गाठींवर माझा स्वतःचाच विश्वास नव्हता.

ती रात्रभर विचार करत होती बहुतेक. सकाळी तिने बॅग भरली. "बाबा, मी मुरबाडला जाते. प्रणितला आता बोलावते. तुमचं काही चुकलं नाही." प्रणित म्हणजे आमचे जावई. तिने माझी समजूत घालावी एवढा मी लहान झालो होतो. मीना स्वयंपाकघरातून बाहेर आलीच नाही. मी बॅगेची चेन लावून दिली, कारण दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. माझ्या एकुलत्या एका मुलीला मी माहेर देऊ शकलो नाही, आणि हातात मात्र सगळे कागद रीतसर होते.

दारात ताराबाई उभ्या होत्या. किती वेळ, कोण जाणे. त्या आत आल्या, बॅग उचलली आणि चालू लागल्या. सत्तरी उलटलेली बाई, बॅग एका बाजूला घेऊन वाकडी चालत होती. मी मागे धावलो. "काकी, कुठे निघालात?"

"कंपाउंडर, तुजं घर कुठलं रे?"

"काकी, थट्टा नको आता."

"थट्टा कशाची? सरकार काय बोलतंय? सात नंबर ना? मंग पोर बापाच्या घरात नको न्यायला?" त्या थांबल्या नाहीत. "चल गो रंजिता. हळू. तिकडं पाय टेक, तिकडं कोरडं हाय."

महिपत त्याच्या दारात होता. मी त्याच्या तोंडाकडे बघू शकत नव्हतो. त्याने आईच्या हातातली बॅग घेतली, रंजिताला म्हणाला, "पायरी बघ," आणि मग माझ्याकडे न बघता बोलला, "मच्छरदानीला चार खिळे मारले, दादा. विचारलं नाय." मी मान हलवली. बोललो असतो तर रडलो असतो, आणि तरीही रडलोच, फक्त बोलायचं राहून गेलं. त्या खोलीत कमोड होता, टाइल्स होत्या, गरम पाण्याचा गिझरसुद्धा होता. काकी दोन वर्षं तिथे झोपत होत्या. त्या दिवसापासून त्या बाहेरच्या खोलीत झोपायला लागल्या.

बाळ झालं, मुलगी. सव्वा महिना रंजिता त्याच खोलीत होती. मीना सकाळी डबा घेऊन जायची आणि दिवसभर तिथेच असायची. काकींनी शेक-शेगडी केली, अळिवाची खीर केली, आणि माझ्या जीवनसत्त्वाच्या गोळ्या कपाटावर ठेवून दिल्या. बाराव्या दिवशी विहीणबाई आल्या, आमच्या आळीत पहिल्यांदाच. मी आळीच्या तोंडाशीच त्यांना गाठून खरं सांगणार होतो. ती वाक्यं मी दवाखान्यात लिहूनसुद्धा काढली होती. पण रिक्षावाल्याने बाळंतिणीचं घर विचारलं आणि रिक्षा सरळ महिपतच्या दारात गेली. विहीणबाईंनी खोली पाहिली, भिंतीला हात लावून पाहिला, न्हाणीघरात डोकावून आल्या. "छान केलीत हो खोली," त्या मला म्हणाल्या. "आम्ही उगाच काळजी केली."

महिपत चहाचा ट्रे घेऊन उभा होता. तो गंभीरपणे म्हणाला, "दादांचं काम पक्कं असतं. परवानगी नाय तवर त्यांनी एक वीट लावली नाय." विहीणबाईंना ते फार आवडलं. खरं तेच तो बोलला होता, एक अक्षर इकडचं तिकडं नाही. मी चहा प्यायलो आणि मला ठसका लागला.

सप्टेंबरात प्रणित येऊन दोघींना घेऊन गेला. काकींनी ओटी भरली, बाळाच्या कपाळाला अंगारा लावला गावदेवीचा, आणि गाडी वळेपर्यंत हात हलवत राहिल्या. पुढच्याच आठवड्यात नऊ घरांना नऊ नोटिसा आल्या. आमचा अर्ज मान्य होत होता. प्लॉटचे नंबर जागेवरच्या वहिवाटीप्रमाणे दुरुस्त करण्याचं प्रस्तावित आहे, कुणाची हरकत असल्यास तीस दिवसांत लेखी कळवावी. आळीत पेढे वाटले. सावळाराम तेवढा गॅलरीत उदास बसला होता, कारण आता सगळेच कायदेशीर होणार होते. आठ महिन्यांनी पहिल्यांदा मी गोळी घ्यायची विसरलो. माझ्या मनात सरळ हिशेब होता. नंबर आला की अर्ज, अर्ज आला की परवानगी, परवानगी आली की खोली.

संध्याकाळी काकी नोटीस घेऊन आल्या. "वाच रे, काय लिवलंय?" मी वाचून समजावलं.

"म्हंजे ती खोली परत आमची?"

"हो काकी. आणि माझ्या डोक्यावरची नोटिशीची टांगती तलवारही गेली."

त्यांना आनंद व्हायला हवा होता. त्या ओट्यावर बसल्या, नोटिशीची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. त्या अजून बाहेरच्या खोलीतच झोपतात, असं महिपत सांगत होता. खोली आता मोठी वाटते म्हणे.

"हरकत घे," त्या म्हणाल्या.

"कसली हरकत?"

"हीच. तीस दिवसांत घ्यायची बोलतंय ना? घे. पोरीचं दुसरं बालंतपन व्हायचं हाय अजून. कुठं आनशील तिला, पडवीत?"

मी त्यांना सांगणार होतो की दुसरं बाळंतपण माहेरी असतंच असं नाही, की हरकत घेतली तर आठ घरं माझ्या नावाने पुन्हा शंख करतील, की मी सरकारी नोकर आहे. त्याऐवजी मी खडू घेऊन ओट्यावर तीस दिवसांची तारीख मांडली. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाता जाता मी भाऊसाहेबांकडे थांबलो आणि हरकतीच्या अर्जाला काय काय जोडावं लागतं ते विचारून घेतलं.